ठेचून काढा

निघोजे, ता. २० मे १९५७

सयाजी बाळा तुला मंजुळाआत्याचा आशीर्वाद. सुमनला पन सांग. मी बोलत्ये अन् सोपानराव गुरुजी लिव्हत्यात.

तुझ्या कानावर आलंच आसंल. पंधरा दिस झालं. गुरुजींच्या शकूचा साखरपुडा व्हता. सैपाक नेहमीसारखा माझ्याकडं. मंचरचं पाव्हनं अन् गाव मिळून दीडशे पान उठलं. भात उरला त्यो पाटीत घालून फडक्याखाली ठेवला. दुसऱ्या दिशी सकाळी मुक्कामाच्या पाव्हन्यांनी अन् घरच्यांनी त्योच फोडनी घालून खाल्ला. दुपारपातूर सतरा मानसं आडवी झाली. उलट्या अन् ढाळ. सोळा उठली. रंभा उठली न्हाई. गुरुजींची धाकटी. सात वर्साची. तिसऱ्या दिशी गेली. तिची पहिली आंघोळ मी घातली व्हती रे.

गाव म्हनतं मंजुळानं भातात रानातला पाला घातला त्येचं इख झालं. तुला म्हाईत हाय मी भाताच्या पाटीला रानतुळस लावत्ये. माझ्या सासूनं शिकिवलं. तीस वर्सं लावत्ये. उन्हाळ्यात पन रातचा भात कदी आंबला न्हाई. आता माझ्या हातचं कुनी पानी घेत न्हाई. त्येचं मला काई न्हाई. पर मला येक कळू दे. माझ्या हातानं पोर मेली का. तू औषधाच्या कारखान्यात हायस. तितं जंतू बघत्यात म्हनं. पाला तपासून दे. जे आसंल त्ये लिव्ह. मला बरं वाटावं म्हनून लिवू नको.

ह्ये पत्र मी दुसऱ्या कुनाकडून लिवून घेनार व्हते. गुरुजी सोताच म्हनले मंजुळाबाई मी लिवतो. त्यांच्या तोंडाकडं मला बघवत न्हाई.

मंजुळाआत्या

ता. क. चि. सयाजीस आशीर्वाद. त्या जसे बोलतात तसे उतरवून घेत आहे. माझ्या शाळेचे व्याकरण लावलेले नाही, एका स्वल्पविरामाचीही भर घातलेली नाही. प्रसंग असा आहे की या कागदावर माझे काहीही असू नये.
— सोपानराव


पिंपरी, ता. २७ मे १९५७

ती. मंजुळाआत्या,
सयाजीचा आणि सुमनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

गुरुजी, आधी तुम्हाला. बातमी कळली त्या दिवशी पाळी बदलून मिळाली नाही, म्हणून मातीला येता आलं नाही. बाराखडी तुमच्याकडून शिकलो आणि तुमच्या दुःखाच्या वेळी चार शब्द लिहायला मला जवळजवळ तीन आठवडे लागले. रंभाला मी शेवटचं पाहिलं ते शाळेच्या पायरीवर, चिंचा खाताना. मला बघून तिनं मूठ मागे लपवली होती. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

आत्या, तू म्हणतेस त्या कारखान्यात मी साहेब नाही हे तुला ठाऊक आहे ना? पेनिसिलिन बनवणारे वेगळे. मी प्रयोगशाळेत काचेच्या बशा धुतो आणि कडी मोजतो. कडी म्हणजे काय ते सांगतो. बशीत खळीसारखा पदार्थ ओतून गोठवतात, त्यावर जंतू पेरतात. एका दिवसात जंतूंची साय धरते. मध्ये पेनिसिलिनचा थेंब सोडला असेल, तर त्याच्याभोवती जंतू वाढत नाहीत आणि साईत एक स्वच्छ गोल कडं दिसतं. कडं जितकं मोठं तितकं औषध जोरकस. दिवसभर पट्टी घेऊन ती कडी मोजायची, हा माझा धंदा. सुमन म्हणते, आमचे हे सरकारी सोनार आहेत.

तर तुझा पाला मी त्याच बशीत घालून बघणार आहे. भात नासवून त्यातले जंतू पेरतो, त्यांच्यासमोर तुझा पाला. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, फुटक्या कडांच्या बशा वापर, आणि करायचं तर नीट कर. कृती तुझ्या आठवणीनं नको, ज्या बाईची आहे तिच्या तोंडून घे.

बरोबर बोलले. मी तुझ्या घरात वाढलो, पण चुलीकडे कधी फिरकलो नाही. मला नुसता वास आठवतो. तेव्हा पाला नेमका कसा करतेस ते सांग, आणि भाजी घेऊन येणाऱ्या सोनबाबरोबर एक पेंढी पाठव. आणखी एक. त्या दिवशी पाला नेहमीसारखाच लावला होता ना? राग मानू नकोस, हे विचारावंच लागतं.

तुझा
सयाजी


निघोजे, ता. ४ जून १९५७

सयाजी बाळा आशीर्वाद.

सोनबाकडं पेंढी दिली हाय. वल्या फडक्यात बांधली हाय. तुझ्या सायबास्नी माझ्या तोंडचं जसंच्या तसं सांग. रानतुळस फुलायच्या आदी घ्या. देठ टाका. पाला पान्यानं धुवून ठेचून काढा पाटीला अन् फडक्याला लावा मग भात घाला. वरून फडकं झाका अन् सकाळपातूर उघडू नका. येवढंच हाय. मंतर बिंतर काई न्हाई.

त्या दिशी पन आसंच केलं. माझ्या हातानं लावलं. फडकं झाकलं अन् रंभाच्या आईला सरूला म्हनले ह्ये आता सकाळीच उघडायचं. मग मी घरी आले.

काल इहिरीवर गेले तर बाया घागरी घेऊन बाजूला झाल्या. सरू पन व्हती. ती बाजूला न्हाई झाली. माझ्याकडं बगत उभी ऱ्हायली. शिव्या दिल्या आसत्या तर बरं झालं आसतं.

सयाजी मी रातंध्यान योकच इचार करत्ये. पाल्यानं केलं आसंल तर ती माझी करनी. पाला नुसताच आसंल अन् काई कामाचा नसंल तर मी तीस वर्सं लोकांच्या पोरांच्या पोटाशी खेळले. दोन्हीकडून मीच हाय. तिसरं काई आसंल तर त्येवढं बघ.

मंजुळाआत्या

ता. क. वरीलप्रमाणेच, त्यांच्या तोंडचे अक्षर न् अक्षर. — सोपानराव


पिंपरी, ता. २५ जून १९५७

ती. आत्या, नमस्कार.

हे पत्र मी चार वेळा फाडलं. पण तू म्हणालीस, बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. म्हणून जे दिसलं ते लिहितो.

तू कळवलंस त्याप्रमाणे पाला धुतला, ठेचला आणि त्याचा काढा केला. उकळून उकळून एक चतुर्थांश उरवला, आजीच्या अडुळशाच्या काढ्यासारखा. साहेबांच्या सांगण्यावरून पुन्हा पेंढीतल्या उरलेल्या पाल्याचाही तसाच उकळून केला, म्हणजे चूक नको. आधी तो पांढऱ्या उंदरांना पाजला. उंदीर धडधाकट आहेत, खातपीत आहेत. तेव्हा तुझा पाला विष नाही. गावात कोणी तसं म्हणालं तर हे पत्र दाखव.

पण दुसरं उत्तर तसं नाही. अकरा बशा केल्या. प्रत्येकीत नासक्या भातातले जंतू पेरले आणि तुझ्या काढ्याचे थेंब सोडले. एकीतही कडं पडलं नाही. जंतू काढ्याच्या अगदी कडेला येऊन दाट माजले होते. शेजारी नुसत्या पाण्याचा थेंब ठेवला होता. दोन्हींत मला काही फरक दिसला नाही.

आत्या, बशीतली गोष्ट वेगळी आणि भाताच्या पाटीतली वेगळी, हे साहेबही म्हणाले. इतकी वर्षं भात टिकला त्याला तुझा स्वच्छ हात कारण असेल. मे महिन्यातलं ऊन होतं, भात पाटीत दाबून भरला असेल, आतला निवला नसेल. कोणाच्याही हातून झालं असतं. तुझ्या हातून झालं असं मी म्हणत नाही. पण पाल्यानं तो भात राखला नसता, एवढं मला म्हणावं लागतं.

रागाव, पण उत्तर दे.

तुझा
सयाजी


निघोजे, ता. १४ जुलै १९५७

चि. सयाजीस आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. मंजुळाबाईंना वाचून दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत. उठून घरी गेल्या. तिसऱ्या दिवशी जोत्यावर बसून घरातली सगळी मोठी भांडी, पाट्या, झारे त्यांनी ज्याला जे हवे त्याला देऊन टाकले. बरेचसे कोणी नेले नाही, ते तसेच अंगणात पडून आहे. त्या आळंदीस गेल्या. घाटाजवळच्या एका धर्मशाळेत खरकटी भांडी घासतात असे कळते. स्वयंपाकाला हात लावीत नाहीत. स्वतःपुरती भाकरीही थापत नाहीत, पंगतीत उरेल ते घेतात.

जाताना माझ्या दारात थांबल्या होत्या. मला म्हणाल्या, "गुरुजी, तीस वर्सं मी लोकास्नी नुसतं पानी लावून जेवू घातलं. मला काई म्हाईतच नव्हतं."

सरूची प्रकृती बरी नसते. शकूचे लग्न पुढे ढकलले आहे. या विषयावर आता आणखी पत्रे नकोत, असे मला वाटते. झाले ते झाले. तू तुझे काम केलेस.

सोपानराव


पिंपरी, ता. १९ ऑगस्ट १९५७

गुरुवर्य सोपानरावांस सयाजीचा नमस्कार.

तुम्ही पत्र नको म्हणालात, तरी लिहितो आहे. आत्या आळंदीला खरकटी काढते हे वाचून महिना झाला. बारा मैलांवर असून तिला तोंड दाखवायची माझी हिंमत झाली नाही. काय सांगणार होतो तिथं जाऊन?

गेल्या आठवड्यात सुमन पेटी आवरत होती. आत्याची पत्रं हाती लागली, तशी ती खाली बसून मोठ्यानं वाचायला लागली. तिला आत्याची फार ओढ. आमच्या लग्नाआधी गावातल्या सगळ्या कार्यांत ती आत्याच्या हाताखाली राबलेली. ४ जूनच्या पत्रातली कृती आली. मी ती शंभर वेळा वाचली होती. सुमननं वाचलं, "पाला पान्यानं धुवून ठेचून काढा," आणि थांबली. मग पुढे वाचलं, "पाटीला अन् फडक्याला लावा."

मी म्हटलं, थांबलीस कशाला? ती म्हणाली, वाक्य संपलं म्हणून. ठेचून काढा. म्हणजे चांगला ठेचा. मिरच्या ठेचून काढतात तसा. मी म्हटलं, अगं, ठेचून त्याचा काढा. त्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "काढा? पाला आत्यांनी चुलीवर कधी ठेवला? कच्चाच ठेचायच्या आणि लगेच पाटीला चोळायच्या. वास जाईल म्हणून ठेचलेला पाला क्षणभर उघडासुद्धा ठेवू द्यायच्या नाहीत. तुम्ही तो शिजवलात?"

गुरुजी, मी तो तासभर शिजवला. त्यातलं जे काही होतं ते वाफेबरोबर उडून गेलं आणि उरलेल्या काळ्या पाण्यावर मी आत्याचा निकाल लावला. औषध म्हटलं की काढा, एवढंच माझ्या डोक्यात. मराठी माझी मायबोली आणि मला त्यातला एक शब्द वाचता आला नाही.

पिंपळे गुरवच्या बाजूला नदीकाठी रानतुळस माजलेली आहे. दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी तोडून आणली. कच्ची ठेचली, फडक्यातून पिळली, थेंब बशीत सोडला. अकरा बशा. अकरांतही कडं आलं. पेनिसिलिनइतकं रेखीव नाही, पण बोटाच्या पेराएवढं रुंद आणि आत काच स्वच्छ. त्यातलाच अर्धा रस उकळून शेजारी ठेवला होता, त्याच्याभोवती काही नाही. साहेबांनी स्वतः पट्टी लावून मोजलं.

यात मी पुन्हा चूक करू इच्छित नाही, म्हणून नेमकं लिहितो. पाला भाताच्या जंतूंना अडवतो, हे मी पाहिलं. सगळ्याच जंतूंना अडवतो, हे मी पाहिलेलं नाही. त्या दिवशीच्या पाटीत कोणते होते ते आता कोणालाच सांगता येणार नाही. पण आत्या लोकांना नुसतं पाणी लावून जेवू घालत नव्हती. हे गावाला सांगा. चावडीवर वाचून दाखवा.

आता एक प्रश्न. लहान तोंडी मोठा घास आहे, पण विचारतो. माझ्या जूनच्या पत्रात 'उकळून' हा शब्द तीन वेळा होता. आत्यानं तो ऐकला असता तर ती गप्प उठून गेली नसती. जागच्या जागी ओरडली असती, मुडद्या, पाला शिजवलास व्हय? ते पत्र तुम्ही तिला सगळं वाचून दाखवलंत का?

रविवारी मी आणि सुमन आळंदीला जातो आहोत. त्याआधी मला तुमचं उत्तर हवं आहे.

सयाजी


आळंदी, ता. २३ ऑगस्ट १९५७

चि. सयाजी,

नाही. सगळे वाचून दाखवले नाही.

तुझे जूनचे पत्र आधी मी एकट्याने वाचले. 'उकळून' हा शब्द आला तिथेच मला चूक कळली. ते वाक्य मीच लिहून घेतले होते, त्या बोलताना कुठे थांबल्या ते मी माझ्या कानांनी ऐकले होते. तिथे एक टिंब दिले असते तर तू चुकला नसतास. टिंब मी मुद्दाम गाळले नव्हते, एवढ्यावर विश्वास ठेवता आला तर ठेव. पण चूक समजल्यावर मी जे केले ते मुद्दाम केले. मंजुळाबाई समोर बसल्या होत्या. मी त्यांना फक्त शेवटचा भाग, तोही 'काढा' हा शब्द गाळून, वाचून दाखवला. अकरा बशा, एकीतही कडे नाही, पाण्यात आणि यात फरक नाही. आणि पत्र घडी करून खिशात ठेवले.

का केले ते आता लिहितो. हे वाक्य लिहायला मी साडेतीन महिने घेतले आहेत.

साखरपुड्याच्या संध्याकाळी मंचरच्या पाहुण्यांपैकी मुलाच्या चुलत्याने पंगतीत भात हुंगला आणि हसून म्हणाला, "मास्तर, भाताला वैद्याच्या पिशवीचा वास येतोय." सगळी पंगत हसली. मी शिकलेला माणूस, पोरांना आरोग्याचे धडे देतो, आणि माझ्या घरी पाहुण्यांना रानातला पाला चोळलेला भात. मला लाज वाटली. मंजुळाबाई घरी गेल्यावर मी ते फडके काढले. पाटीतला भात उपसला, खालचा पाला झाडून टाकला, पाटी विहिरीच्या पाण्याने धुतली आणि ओलीच असताना त्यात भात परत भरला. वर माझे धुतलेले धोतर ओले करून झाकले. सकाळी पाहुण्यांना वास येणार नाही म्हणून मला बरे वाटले होते. हे मी एकट्याने केले. सरूला ठाऊक नाही.

आता तू आठव. तू विचारले होतेस, त्या दिवशी पाला नेहमीसारखाच लावला होता ना? त्या म्हणाल्या, माझ्या हातानं लावला. ते मी लिहून घेतले. सयाजी, माझी लेखणी थांबली नाही. अक्षरही वळणदार आले. मी मोठ्या तोऱ्याने तुला कळवले होते की या कागदावर माझे काहीही असू नये. खरे म्हणजे माझे जे काही होते ते कागदावर येऊ नये, म्हणून मी ती पत्रे स्वतः लिहायला घेतली. दुसऱ्या कोणी लिहिली असती तर कोणीतरी काहीतरी विचारले असते.

पाला राहिला असता तर रंभा वाचली असती, असे तू म्हणत नाहीस. तू नेमके लिहिले आहेस आणि मी ते पुन्हा पुन्हा वाचले. विहिरीचे पाणी असेल, ओली पाटी असेल, माझे हात असतील. मला कधी कळणार नाही. पण मंजुळाबाईंच्या हाताने झाले नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. मुलगी गेली त्या दुःखाचे ओझे मला पेलत नव्हते, त्यातले निम्मे मी उचलून त्या बाईच्या डोक्यावर ठेवले.

तुझे पत्र काल मिळाले. आज पहाटे निघून चालत आळंदीस आलो. त्या घाटावर राख लावून एक मोठे पातेले घासत होत्या. मला पाहून हात धुतले, पदर सारखा केला. मी बसलो आणि सगळे सांगितले. तुझे पत्र पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून दाखवले. मग माझे सांगितले. मला वाटले होते, त्या मला शिव्या घालतील. निदान तोंड फिरवतील.

त्यांनी एकच विचारले.

"म्हंजी त्या रातीला पाटीला पाला नव्हताच?"

"नव्हता," मी म्हणालो.

मग एकदम "रंभे" म्हणून त्यांनी हंबरडा फोडला. घाटावरचे लोक गोळा झाले. साडेतीन महिन्यांत मी त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिले नव्हते. मातीच्या दिवशीही त्या कोरड्या डोळ्यांनी भिंतीशी उभ्या होत्या आणि गाव म्हणत होते, बघा, हिला काही वाटत तरी आहे का. आज त्या जमिनीवर हात आपटून रडत होत्या. मध्येच मला म्हणाल्या, "इतके दिस मला रडायला तोंड नव्हतं हो गुरुजी. जिनं मारली तिनं कसं रडायचं?"

मलाही आवरेना. मी रडू लागलो तशा त्या गप्प झाल्या. पदराने तोंड पुसले आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमी हितं रडू नका. घरी जावा. सरूला खरं काय त्ये सांगा, अन् मग तिच्याजवळ बसून रडा."

हे पत्र इथल्या टपालात टाकून मी निघोज्याला निघालो आहे.

सोपानराव